धूळ, वाफ आणि वायू: स्फोटसुरक्षेची चाचणी कशी करावी आणि अहवाल कसा वाचावा

पिठाची गोणी पेटत नाही, पण तेच पीठ हवेत उडालेले असताना ठिणगी पडली तर भिंती उडवू शकते. मिथेन हवेत 3 टक्के असेल तर पेटत नाही, 9 टक्के असेल तर स्फोट होतो आणि 20 टक्के असेल तर पुन्हा पेटत नाही. डायक्लोरोमिथेन या द्रावकाला बंद कपात फ्लॅश पॉइंट, म्हणजे द्रवाची वाफ ज्योतीने क्षणभर पेटते ते किमान तापमान, सापडतच नाही, तरीही त्याची वाफ हवेत साधारण 13 ते 22 टक्क्यांदरम्यान पेटू शकते. म्हणून ‘हा पदार्थ स्फोटक आहे का?’ हा प्रश्न चाचणीसाठी पुरेसा नाही. कोणत्या अवस्थेत, किती प्रमाणात, किती तापमानाला आणि कोणत्या ठिणगीने, हे ठरल्यावरच चाचणीला अर्थ येतो. निघालेला आकडाही एकट्या पदार्थाचा नसतो. त्यात नमुना कसा घेतला आणि यंत्र कोणते वापरले याचा वाटा असतो. हे विसरून अहवालातला एकच आकडा उचलण्यातूनच पुढच्या बहुतेक चुका होतात.

हा लेख चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञासाठी आहे, तसाच नमुना पाठवून अहवालाच्या आधारे निर्णय घेणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्यासाठीही आहे.

आधी निर्णय, मग चाचणी

‘सगळ्या चाचण्या करून टाका’ असे सांगून नमुना पाठवला की पैसे जातात, आणि नेमकी हवी असलेली चाचणी मात्र राहून जाते. आधी ठरवायचा निर्णय लिहून काढा.

सायलो किंवा बॅग फिल्टरवर स्फोट-झडप बसवायची असेल, म्हणजे दाब बाहेर काढण्यासाठी फुटणारे पॅनेल लावायचे असेल, तर कमाल स्फोटदाब आणि केएसटी, म्हणजे दाब किती वेगाने चढतो याचे माप, हे दोन आकडे हवेत. स्थिर विजेची भीती असेल तर किमान प्रज्वलन ऊर्जा, म्हणजे एमआयई, हवी. मोटरचे, बेअरिंगचे किंवा वाफेच्या नळीचे पृष्ठभाग किती तापू द्यायचे हे ठरवायला धुळीच्या ढगाचे आणि थराचे प्रज्वलन-तापमान लागते. नायट्रोजन भरून संरक्षण करायचे असेल तर मर्यादक ऑक्सिजन प्रमाण, म्हणजे ज्याच्या खाली स्फोट होत नाही ते ऑक्सिजनचे प्रमाण, हवे. वायू आणि वाफांसाठी खालची-वरची स्फोटमर्यादा (हवेत किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत मिश्रण पेटते), स्वयंप्रज्वलन तापमान (ठिणगीशिवाय आपोआप पेटण्याचे तापमान) आणि फ्लॅश पॉइंट लागतात. ज्वालारोधक वीज-उपकरण निवडायचे असेल तर वायूगट ठरवणारी सुरक्षित फट, म्हणजे जिच्यातून ज्वाला बाहेर पडू शकत नाही अशी सर्वांत मोठी फट, लागते.

प्रकाशित तक्त्यांतले आकडे शुद्ध वायू आणि सामान्य द्रावकांसाठी बऱ्यापैकी भरवशाचे असतात. धुळीसाठी त्यांचा आधार घेऊ नका. ‘साखर’ या एकाच नावाखाली दळलेली, दाणेदार, दमट आणि फिल्टरमधून झटकलेली अशा अनेक धुळी येतात आणि त्यांचे आकडे एकमेकांना ओळखही देत नाहीत.

नमुना: इथे चुकले की पुढे काहीच बरोबर येत नाही

प्रयोगशाळेत येणारा नमुना बहुतेक वेळा तयार मालाच्या गोणीतून काढलेला असतो. तिथली सगळ्यात जाड धूळ तीच असते. स्फोटाचा धोका फिल्टरच्या पिशवीत, सायक्लोनच्या (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या भांड्याच्या) वरच्या भागात, छताच्या तुळईवर आणि डक्टच्या कोपऱ्यात साचलेल्या बारीक धुळीत असतो. नमुना तिथून घ्या. एकापेक्षा जास्त ठिकाणांहून घेतलात तर मिसळू नका. प्रत्येकाला वेगळी पिशवी आणि वेगळे लेबल द्या. पूर्ण चाचणी-संचासाठी साधारण 1 ते 2 किलो बारीक धूळ लागते. जाड मालातून ती चाळून काढायची असेल तर मूळ माल त्याच्या अनेक पट पाठवावा लागतो.

कणांचा आकार जितका लहान तितके प्रज्वलन सोपे आणि दाबवाढ वेगवान. म्हणून युरोपीय पद्धतीत सहसा 63 मायक्रॉनच्या चाळणीखालचा भाग घेतात. अमेरिकी ई1226 मानकात 95 टक्के कण 75 मायक्रॉनखाली आणि ओलावा 5 टक्क्यांखाली असावा अशी शिफारस आहे. चाळताना मिश्रणावर लक्ष ठेवा. स्टार्च आणि मीठ यांचे मिश्रण चाळले तर जाड मीठ वर राहते आणि खाली जवळजवळ शुद्ध स्टार्च येतो. हा नमुना सगळ्यात वाईट शक्यता दाखवतो, आणि फिल्टरमध्येही हेच घडत असेल तर तो योग्यच आहे. फक्त अहवालात ते स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

ओलावा स्फोटाला आवर घालतो. तूरिनमध्ये 14 डिसेंबर 1785 रोजी पिठाच्या गोदामात झालेला स्फोट हा धुळीच्या स्फोटाची सविस्तर लेखी नोंद असलेल्या सर्वांत जुन्या घटनांपैकी एक. त्या वृत्तांतातही पीठ नेहमीपेक्षा जास्त कोरडे होते याकडे बोट दाखवले आहे. म्हणून नमुना हवाबंद पिशवीत पाठवा. पदार्थ बदलणार नाही अशा तापमानाला तो वाळवा आणि वाळवण्यापूर्वीचा व नंतरचा ओलावा नोंदवा. ‘आमचा माल नेहमी 9 टक्के ओला असतो’ हा युक्तिवाद उन्हाळ्यात आणि ड्रायरनंतरच्या डक्टमध्ये टिकत नाही.

धातूंच्या धुळीची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची धूळ उघडी राहिली तर कणांवर ऑक्साइडचा थर चढतो आणि ती सौम्य भासते. ताजी घासलेली धूळ लगेच बंद करा आणि शक्य तितक्या लवकर तपासा. ती पाण्याने विझवायला किंवा धुवायला जाऊ नका, हायड्रोजन सुटतो.

एक खबरदारी सगळ्यांच्या आधी घ्या. पेरॉक्साइड, नायट्रो संयुग किंवा ऑक्सिडायझर मिसळलेला पदार्थ चाचणीच्या बंद स्टील-गोलात घालण्यापूर्वी त्याची उष्णता-स्थिरता काही मिलिग्रॅमवर तपासून घ्या. जो पदार्थ हवेशिवायही विघटन पावतो त्याच्यासाठी धुळीच्या चाचणीचा गोल बनवलेलाच नसतो. विषारीपणाची माहितीही नमुन्यासोबत गेली पाहिजे, कारण चाचणीत ती धूळ अक्षरशः उधळली जाते.

धूळ पेटते की नाही: पहिली चाळणी

सुरुवात सहसा 1.2 लिटरच्या उभ्या काचनळीपासून होते. तिला सुधारित हार्टमन नळी म्हणतात. तळाच्या कपात धूळ ठेवायची, खालून हवेचा झोत सोडायचा आणि मधल्या सततच्या ठिणगीतून ज्वाला वर जाते का ते पाहायचे. वेगवेगळी वजने घेऊन अनेक प्रयत्न करावे लागतात.

ज्वाला दिसली तर धूळ स्फोटक्षम, विषय संपला. ज्वाला दिसली नाही तर मात्र विषय संपत नाही. ठिणगी दुबळी ठरू शकते, किंवा धूळ गुठळ्या करून नळीच्या भिंतीला चिकटलेली असू शकते. अशा वेळी पुढे 20 लिटरच्या गोलात जोरदार इग्नायटर, म्हणजे धूळ पेटवणारे साधन, लावून खात्री करतात. नळीतल्या नकारावर ‘स्फोटक नाही’ असा दाखला देणारा अहवाल परत पाठवावा.

20 लिटरचा गोल: कमाल दाब आणि केएसटी

धूळ-सुरक्षेतले हे मुख्य यंत्र. दुहेरी भिंतीचा स्टीलचा गोल असतो आणि भिंतींमधून पाणी फिरवून तो साधारण 20 अंश सेल्सिअसवर ठेवतात. बाजूला 0.6 लिटरची धूळ-कुपी, मध्ये झटपट उघडणारी झडप, आत धूळ पसरवणारी नोझल आणि भिंतीत दोन पिझो दाबसंवेदक असतात. एका प्रयोगाचा क्रम असा:

1. धूळ तोलून कुपीत भरा. 20 लिटरमध्ये 5 ग्रॅम म्हणजे घनमीटरला 250 ग्रॅम, 10 ग्रॅम म्हणजे 500.
2. प्रत्येकी 5 किलोज्यूलचे दोन रासायनिक इग्नायटर गोलाच्या मध्यभागी विरुद्ध दिशांना तोंड करून लावा. तारा जोडेपर्यंत त्यांची टोके एकमेकांना जोडलेली ठेवा.
3. झाकण लावा आणि गोलातला दाब 0.4 बार निरपेक्ष इतका खाली आणा.
4. कुपीत 20 बार दाबाची हवा भरा.
5. सुरक्षा-कडी बंद असल्याची खात्री करून प्रयोग सुरू करा. झडप उघडते, धूळ आत फेकली जाते आणि ठीक 60 मिलिसेकंदांनी इग्नायटर पेटतात.
6. दाब-काळाचा आलेख नोंदवा. दोन्ही संवेदकांचे वाचन जुळते का ते पाहा.
7. गोल धुऊन, पुसून, कोरडा करा. आत धुमसणारा गोळा उरलेला नाही याची खात्री झाल्यावरच पुढची धूळ तोला.

0.4 बारचा हिशेब साधा आहे. 0.6 लिटरमधली साधारण 21 बार निरपेक्ष दाबाची हवा 20 लिटरमध्ये पसरली की सुमारे 0.6 बारची भर पडते, म्हणजे ठिणगीच्या क्षणी गोलात 1 बार असतो. स्फोटदाब सुरुवातीच्या निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून झडप थोडी गळत असेल आणि सुरुवात 1.05 बारने झाली तर अंतिम आकडाही सुमारे 5 टक्के फुगतो. रोज सकाळी धूळ आणि इग्नायटर न घालता नुसती हवा सोडून ही दाबवाढ तपासा. दहा मिनिटांच्या या तपासणीने दिवसभराची उलटतपासणी वाचते.

60 मिलिसेकंदांचा विलंब ही हौस नाही. झडप उघडल्यावर आत प्रचंड खळबळ माजते आणि ती क्षणाक्षणाला ओसरते. लवकर पेटवले तर खळबळीमुळे दाबवाढीचा वेग फुगतो. उशिरा पेटवले तर खळबळ शमलेली असते, धूळ खाली बसू लागते आणि वेग कमी भरतो. झडपेची रबरी कडी झिजली किंवा नोझलमध्ये धूळ अडकली तर विलंब कागदावर 60 राहतो, पण आत ढग वेगळाच असतो. निकाल हळूहळू घसरत असतील तर पहिला संशय याच दोन भागांवर घ्या.

वजने सहसा घनमीटरला 60, 125, 250, 500, 750, 1000, 1250 आणि 1500 ग्रॅम अशा पायऱ्यांनी वाढवतात. दाब आणि वेग दोन्ही शिखर गाठून खाली येईपर्यंत पुढे जायचे. मग शिखराच्या आसपासची मालिका आणखी दोनदा करायची आणि तिन्ही मालिकांतल्या कमाल आकड्यांची सरासरी घ्यायची. दाबाचे शिखर आणि वेगाचे शिखर एकाच वजनावर यावे असा नियम नाही.

केएसटी म्हणजे दाबवाढीचा कमाल वेग गुणिले भांड्याच्या आकारमानाचे घनमूळ. 20 लिटरचे, म्हणजे 0.02 घनमीटरचे, घनमूळ 0.2714. वेग सेकंदाला 600 बार निघाला तर केएसटी 163 बार-मीटर प्रतिसेकंद. त्यावरून धुळीचा वर्ग ठरतो: शून्याहून जास्त ते 200 पर्यंत एसटी-1, 200 ते 300 एसटी-2 आणि 300 च्या वर एसटी-3. तीच धूळ 10 घनमीटरच्या भांड्यात पेटली तर घनमूळ 2.154, आणि वेग सेकंदाला सुमारे 76 बार. मोठ्या भांड्यात दाब सावकाश चढतो, पण पोचतो जवळपास तिथेच. बहुतेक सेंद्रिय धुळींचा कमाल दाब 7 ते 10 बारच्या घरात असतो आणि साधे पत्र्याचे फिल्टर-घर त्याच्या छोट्या अंशालाही उघडे पडते. ‘एसटी-1 म्हणजे सौम्य’ हा समज म्हणूनच महागात पडतो. लाकूड, पीठ, साखर यांच्या बहुतेक धुळी एसटी-1 मध्येच असतात.

इग्नायटरचीही वजावट करावी लागते. 10 किलोज्यूलचे इग्नायटर एवढ्याशा गोलात स्वतःच बारभराहून जास्त दाब निर्माण करतात. उलट जास्त दाबाच्या स्फोटांत गोलाच्या थंड भिंती उष्णता शोषतात आणि दाब कमी दिसतो. मोजलेला दाब 5.5 बारच्या खाली असेल तर पहिली दुरुस्ती, वर असेल तर दुसरी. 5.5 च्या वरच्या दुरुस्तीत मोजलेल्या दाबाचा 1.15 वा घात घेऊन 0.775 ने गुणतात. मोजलेले 8 बार दुरुस्तीनंतर सुमारे 8.5 होतात. अहवालात दुरुस्त आणि कच्चा असे दोन्ही आकडे मागा.

आता एक पेच. केएसटी 20-30 च्या आसपास निघाला तर तो खरा असेलच असे नाही. 10 किलोज्यूलची ज्वाला छोटा गोल जवळजवळ भरून टाकते, आत पसरलेली धूळ त्या ज्वालेतच जळते आणि धुळीने स्वबळावर ज्वाला पुढे नेल्याचा भास होतो. अशा सीमेवरच्या धुळीसाठी 1 घनमीटरच्या भांड्यात चाचणी करून घ्या. तिथेही इग्नायटर 10 किलोज्यूलचेच, पण जागा पन्नास पट. ती चाचणी महाग असते आणि धूळही किलोने लागते. पण नसलेल्या धोक्यासाठी सगळ्या यंत्रणेवर स्फोट-झडपा बसवण्यापेक्षा स्वस्तच पडते.

किमान स्फोटक प्रमाण आणि ऑक्सिजनची मर्यादा

त्याच गोलात, पण आता 1 किलोज्यूलचे दोन इग्नायटर लावून, धुळीचे प्रमाण उतरवत नेतात. इग्नायटरचा स्वतःचा परिणाम वजा जाता दाबवाढ 0.3 बारपर्यंत पोचत नसेल तर स्फोट नाही असे धरतात. सलग तीन नकार मिळाले की ते प्रमाण ही मर्यादा. अमेरिकी पद्धतीत इग्नायटर वेगळे आणि निकषही वेगळा, म्हणून दोन अहवालांतल्या मर्यादा थेट शेजारी ठेवू नका. हे प्रमाण पाळून डक्ट चालवण्याचा बेत कागदावर छान दिसतो. पण डक्टमध्ये साचलेला थर एका धक्क्याने उडाला की तो हिशेब मोडतो.

ऑक्सिजनच्या मर्यादेसाठी हवेत नायट्रोजन वाढवत जातात आणि प्रत्येक पायरीवर धुळीची वेगवेगळी प्रमाणे तपासतात. इथे नेहमीची चूक म्हणजे कुपीत साधी हवा आणि गोलात मिश्रण भरणे. कुपीतही तेच मिश्रण हवे, नाहीतर झडप उघडताच ऑक्सिजन वाढतो. निष्क्रिय वायू कोणता हेही नोंदवा. मिथेनसाठी नायट्रोजनसोबत मर्यादा सुमारे 12 टक्के ऑक्सिजन आहे, कार्बन डायऑक्साइडसोबत सुमारे 14.5. कार्बन डायऑक्साइडने काढलेला आकडा घेऊन नायट्रोजन सोडला तर संरक्षण अपुरे पडते. प्रत्यक्ष नियंत्रण मर्यादेच्या खाली किमान 2 टक्के-बिंदू अंतर ठेवून करतात. ऑक्सिजन-मापक जिथे बसवला आहे तिथली हवा भांड्यातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यातली असते का, हाही प्रश्न विचारा.

किमान प्रज्वलन ऊर्जा: ठिणगीचा हिशेब

पुन्हा 1.2 लिटरची नळी, पण ठिणगी आता मोजलेली. 1000, 300, 100, 30, 10, 3 आणि 1 मिलिज्यूल अशा पायऱ्यांनी उतरतात. प्रत्येक पायरीवर धुळीचे वजन बदलायचे आणि झोत व ठिणगी यांतला विलंब 60 ते 180 मिलिसेकंदांदरम्यान फिरवायचा. 900 मिलिग्रॅमला एकदा नकार मिळाला म्हणून पुढच्या पायरीवर उडी मारता येत नाही. सलग 10 प्रयत्नांत एकदाही पेटली नाही तरच वजन आणि विलंबाच्या त्या जोडीचा नकार मान्य. हे कंटाळवाणे काम आहे, आणि घाई झाली तर आकडा नेहमी धोक्याच्या बाजूलाच चुकतो.

निकाल एका आकड्यात मिळत नाही, तो दोन पायऱ्यांच्या मधे असतो, उदाहरणार्थ 10 आणि 30 मिलिज्यूलच्या दरम्यान. निर्णय घेताना खालचा आकडा धरा.

सर्किटमध्ये प्रेरक कॉइल होती का, हे अहवालात शोधा. साधारण 1 मिलिहेन्रीची कॉइल ठिणगी लांबवते आणि धूळ सहसा कमी ऊर्जेला पेटते. स्थिर विजेच्या ठिणगीत अशी कॉइल नसते. म्हणून स्थिर विजेच्या निर्णयासाठी कॉइलशिवायचा आकडा जवळचा, आणि कॉइलसह निघालेला आकडा जास्त सावध. दोन्ही मागितले तर उत्तम.

या आकड्याला कशाशी ताडायचे? अंगावर भार साचलेल्या माणसाच्या बोटातून निघणारी ठिणगी साधारण 10 ते 30 मिलिज्यूलची असते. म्हणून एमआयई 30 मिलिज्यूलच्या खाली आली की माणसालाही भूसंपर्क हवा, वीजवाहक तळाचे बूट आणि तशीच फरशी. 10 च्या खाली गेली तर प्लॅस्टिकच्या पिशव्या, लायनर आणि मोठ्या सायलोत ढिगावर सरपटणारे विसर्ग यांचा वेगळा विचार लागतो. तुलनेसाठी, प्रोपेनला सुमारे 0.25 मिलिज्यूल पुरतात आणि हायड्रोजनला 0.02 देखील लागत नाहीत. मिक्सरमध्ये द्रावकाची वाफ आणि धूळ एकत्र असतील तर धुळीचा आकडा विसरा. वाफ तिच्या खालच्या मर्यादेखाली आणि धूळ तिच्या किमान प्रमाणाखाली असूनही दोन्ही मिळून पेटू शकतात. अशा मिश्रणाची चाचणी मिश्रण म्हणूनच करावी लागते.

तापलेला पृष्ठभाग: ढग आणि थर

ढगासाठी उभी नळी-भट्टी किंवा बीएएम या जर्मन संस्थेच्या नावाची भट्टी वापरतात. तापमान स्थिर करून धूळ आत फुंकायची आणि ज्वाला बाहेर येते का ते पाहायचे. सलग 10 नकार मिळेपर्यंत खाली उतरायचे. नळी-भट्टीत पेटलेले सर्वांत कमी तापमान 300 अंशांच्या वर असेल तर त्यातून 20 अंश वजा करून नोंदवतात, 300 किंवा खाली असेल तर 10.

थरासाठी हॉट प्लेटवर 5 मिलिमीटर उंचीची कडी ठेवून ती धुळीने भरतात आणि पट्टीने सपाट करतात. दाबायचे नाही, दाबल्याने घनता बदलते आणि निकालही. थरात थर्मोकपल असते. थर लालसर धुमसला, 450 अंशांवर गेला किंवा प्लेटच्या तापमानापेक्षा 250 अंशांनी वर गेला तर प्रज्वलन झाले असे धरतात. काही धुळी पेटण्याआधी वितळतात किंवा फुगून थर्मोकपलवरून उचलल्या जातात. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांनी पाहून केलेली नोंद जास्त कामाची.

उपकरणाच्या पृष्ठभागाची मर्यादा अशी काढतात: ढगाच्या तापमानाचे दोन-तृतीयांश आणि थराच्या तापमानातून 75 वजा, यांतला लहान आकडा. ढग 420 आणि थर 320 असेल तर 280 आणि 245, म्हणून मर्यादा 245 अंश. हा हिशेब 5 मिलिमीटरपर्यंतच्या थरासाठीच आहे. मोटरवर बोटभर धूळ साचू दिली तर आतली उष्णता कोंडते आणि याहून बऱ्याच कमी तापमानाला थर धुमसू लागतो. सायलोतल्या ढिगासाठी तर तारेच्या जाळीच्या टोपल्यांत वेगवेगळ्या आकारमानांच्या स्वयंतापन-चाचण्या कराव्या लागतात. मोठ्या ढिगाचे आकडे बघून पुष्कळांना धक्का बसतो, इतके ते खाली येतात.

वायू आणि वाफ

स्फोटमर्यादेसाठी दोन घराणी आहेत. एकात काचेच्या नळीत किंवा 5 लिटरच्या फ्लास्कमध्ये ज्वाला डोळ्यांनी पाहतात, दुसऱ्यात बंद भांड्यात दाबवाढ मोजतात. युरोपीय नळी 80 मिलिमीटर व्यासाची. ज्वाला ठिणगीपासून सुटून 100 मिलिमीटर वर गेली की प्रज्वलन झाले. बंद भांड्यात निकष 5 टक्के दाबवाढीचा. युरोपीय पद्धत न पेटणारे शेवटचे मिश्रण मर्यादा म्हणून देते, अमेरिकी पद्धत पेटणाऱ्या आणि न पेटणाऱ्या मिश्रणांचा मध्य देते. मिथेनची खालची मर्यादा एका तक्त्यात 4.4 आणि दुसऱ्यात 5.0 दिसते, त्यामागे असेच पद्धतींतले फरक आहेत. कोणीही चुकलेले नाही.

मिश्रण आंशिक दाबाने बनवतात. 1013 मिलिबारमध्ये 5 टक्के मिथेन म्हणजे 50.65 मिलिबार. मोजमापातली 1 मिलिबारची चूक म्हणजे 0.1 टक्का, म्हणून भांडे आधी रिकामे करून गळती तपासा आणि मिश्रण ढवळून स्थिर होऊ द्या. द्रवाची वाफ तपासताना भांडे तापवलेले असते, पण एखादी झडप किंवा मापकाची नळी थंड राहते. वाफ तिथे थिजते आणि भांड्यातले खरे प्रमाण हिशेबापेक्षा कमी राहते. मग मर्यादा आहे त्यापेक्षा वर दिसते, म्हणजे चूक पुन्हा धोक्याच्या बाजूला. सगळे जोड भांड्याइतके किंवा थोडे जास्त गरम ठेवा.

तापमान वाढले की खालची मर्यादा उतरते, दर 100 अंशांना साधारण 7 टक्के. 25 अंशांना 5.0 असलेली मिथेनची मर्यादा 150 अंशांना सुमारे 4.55 होते. वरची मर्यादा दाबाबरोबर झपाट्याने वाढू शकते, म्हणून दाबाखालच्या रिॲक्टरसाठी वातावरणीय दाबाचा आकडा वापरू नका. ज्वलनशील वायूंच्या मिश्रणाचा अंदाज ल शातलिए यांच्या सूत्राने येतो: 70 टक्के मिथेन आणि 30 टक्के प्रोपेन असेल तर 0.70 भागिले 5.0 अधिक 0.30 भागिले 2.1, आणि या बेरजेचा व्यस्त, म्हणजे सुमारे 3.5 टक्के. हायड्रोजन किंवा हॅलोजनयुक्त द्रावक असेल तर सूत्रावर थांबू नका.

फ्लॅश पॉइंटची बंद कपाची चाचणी सोपी, म्हणूनच निष्काळजीपणे केली जाते. पेन्स्की-मार्टेन्स पद्धतीत द्रव मिनिटाला 5 ते 6 अंशांनी तापवतात. अपेक्षित तापमानाच्या साधारण 23 अंश आधीपासून ज्योत दाखवायला सुरुवात करतात आणि 110 अंशांपर्यंत दर अंशाला दाखवतात. नमुना आधी उघडा ठेवला तर हलके घटक उडून जातात आणि आकडा वर सरकतो. हवेच्या दाबाची दुरुस्ती दर किलोपास्कलला 0.25 अंश. 95 किलोपास्कलला 32.0 वाचले तर 101.3 शी असलेला फरक 6.3, म्हणून सुमारे 1.6 अंश मिळवायचे, उत्तर 33.6. काम करताना शुद्ध द्रव फ्लॅश पॉइंटच्या किमान 5 अंश खाली ठेवावा, मिश्रण असेल तर 15 अंश. फवाऱ्याने उडणारा द्रव मात्र फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटतो.

स्वयंप्रज्वलनासाठी तापलेल्या फ्लास्कमध्ये द्रवाचा थेंब टाकून अंधारात ज्वाला पाहतात, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या पद्धतीत 200 मिलिलिटरचा फ्लास्क आणि 5 मिनिटे, अमेरिकी पद्धतीत 500 मिलिलिटर आणि 10 मिनिटे. थेंबाचे आकारमान बदलत राहावे लागते. ज्वाला मंद निळसर असू शकते, उजेडात ती हातून सुटते. भांडे मोठे असेल तर प्रज्वलन कमी तापमानाला होते, म्हणून टाकीसाठी फ्लास्कचा आकडा काठोकाठ वापरू नका. तेलाने भिजलेले उष्णतारोधक आवरण तर या आकड्याच्या कितीतरी खाली पेटते.

वायूगटासाठी 20 मिलिलिटरच्या गोलातून 25 मिलिमीटर रुंद कडांमधल्या फटीतून ज्वाला बाहेर पडते का ते पाहतात. सुरक्षित फट प्रोपेनला 0.92 मिलिमीटर, एथिलिनला 0.65, हायड्रोजनला 0.29. साधारणपणे 0.9 आणि 0.5 या सीमा आयआयए, आयआयबी आणि आयआयसी गट वेगळे करतात.

अहवाल हातात आल्यावर

पहिल्या पानावरचा आकडा वाचण्याआधी चार गोष्टी शोधा: नमुन्याचा कण-आकार आणि ओलावा, मानकाचा क्रमांक व वर्ष, यंत्राचे आकारमान व इग्नायटर, आणि कच्च्या प्रयोगांचा तक्ता. तक्ता नसेल तर मागा. केएसटीचे शिखर सगळ्यात शेवटच्या, म्हणजे सर्वांत जास्त वजनावर आले असेल तर ते शिखर नाही, मालिका अर्धवट सोडली आहे. दोन संवेदकांच्या वाचनात 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर प्रयोग पुन्हा हवा. प्रयोगशाळा नायसिन किंवा लायकोपोडियमसारख्या संदर्भ-धुळीवर यंत्र कधी तपासते, हेही विचारायला लाजू नका.

पुरवठादार बदलला, दळण बारीक झाले, नवीन द्रावक आले, ड्रायरचे तापमान वाढले किंवा मालात रबर, रंग वा धातूची भुकटी मिसळू लागली की जुना अहवाल त्या मालाला लागू होत नाही. तपासलेल्या नमुन्यातला थोडा भाग हवाबंद बाटलीत, तारीख आणि घेतल्याची जागा लिहून, जपून ठेवा. नवी धूळ जुन्यासारखीच आहे का, हे चाळणी आणि ओलावामापकाने तिच्याशी ताडून पाहता येते.